जुन्या मार्केटला नवा भाग जोडताना
(मार्केट कमिटी आणि गाळेधारकांसाठी)

सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०६ साली उभं राहिलेलं खंडेराव मार्केट आपण बडोदेकर रोज पाहतो. आमच्याकडे दुरुस्ती आणि वाढीव बांधकामासाठी येतात ती याहून पुष्कळ लहान, पण तशीच जपण्यासारखी छपराची मार्केटं. पहिला प्रश्न असतो, "गाळे किती वाढतील?" आम्ही आधी विचारतो, "पाणी कुठून जातं?"

विश्वामित्री नदीचं पाणी ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात शिरलं, ते तुमच्याकडे कुठवर चढलं होतं? तिथे बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी नेमकी खूण दाखवतात. नव्या भागाचं जोतं त्यावरून ठरतं.

नवं बांधकाम जुन्या भिंतीवर टेकवू नका. जुनी इमारत शंभर वर्षांत बसायची तेवढी बसलेली असते, नवी अजून बसायची असते. त्यात आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. दोन्ही इमारती एकमेकींना जखडल्या की सांध्यालाच भेग जाते. म्हणून नव्या भागाला स्वतःचा पाया, स्वतःचे खांब, मधे बोटभर फट आणि फटीवर पत्र्याची पट्टी. छप्पर जुन्या वळचणीच्या खालीच ठेवा. वरच्या झरोक्यांतला उजेड-वारा अडला तर दिवसा दिवे लागतात आणि पालेभाजी दुपारीच मान टाकते.

जुन्या विटांना सिमेंटचा गिलावा नको. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग क्षार विटेतच साठतात, लोणा लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. वरून रंग दिला तर फक्त झाकलं जातं. आम्ही मुरवलेला चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, वापरतो. त्याला वेळ लागतो, आणि घाई असेल तर हे काम आम्ही घेत नाही.

नव्या भागाला जुन्यासारख्या खोट्या कमानी काढून द्या, अशी मागणी बऱ्याचदा होते. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. नव्या भागावर त्याच्या काळाची छाप दिसावी, असं जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदही सांगते. साधे लोखंडी खांब आणि नीट पन्हळ जुन्याच्या शेजारी अधिक शोभतात.

काम टप्प्याटप्प्यानं करतो, एका वेळी एकच रांग हलवतो. परवानगीचे कागद आधी, कुदळ नंतर.

पहिल्या भेटीला जुने नकाशे असतील तर आणा. नसतील तर आम्ही मोजून घेऊ. आणि एकदा भर पावसात बोलवा, गळती तेव्हाच दिसते.