कापडाचा देवमासा तुमच्या शाळेत येण्याआधी

मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि सोसायट्यांच्या कार्यकर्त्यांसाठी माहितीपत्रक

आमचा चौदा मीटर लांबीचा कापडी हंपबॅक देवमासा ब्लोअरने फुगायला वीस मिनिटं लागतात. आधी शेपूट हलायला लागते, मग पाठ वर येते आणि सगळ्यात शेवटी डोकं. तोवर मैदानावर बसलेल्या मुलांतून कोणीतरी हमखास ओरडतं, "बाप्पा! हा तर एसटीपेक्षा मोठा आहे बे!" मुलांचा अंदाज बरोबर आहे. पूर्ण वाढलेली हंपबॅक मादी तेरा ते पंधरा मीटर भरते, आणि आम्ही कापड त्याच मापाने कापलं आहे. मोठ्या प्राण्याचं चित्र पुस्तकाच्या पानावर बोटभर असतं. तेवढ्यावरून मुलांना काहीच कळत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

कापड इतवारीतून आणलेलं, शिवण मंडपवाल्या कारागिरांची. पहिल्या वेळी आम्ही दोन्ही बाजूंचे हातपंख तीन मीटरचे शिवले होते. नंतर वाचनात आलं की हंपबॅकचे हातपंख त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश असतात, दुसऱ्या कुठल्याच देवमाशाचे इतके लांब नसतात. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता. तरी सगळी शिवण उसवली आणि साडेचार मीटरचे पंख नव्याने लावले. मुलं जे डोळ्यांनी पाहतात ते जन्मभर लक्षात ठेवतात, तिथे चुकीचं माप चालणार नाही.

नागपुरात समुद्र कुठे?

पालकसभेत हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्तच आहे. देशाचा शून्य मैलाचा दगड आपल्या शहरात, आणि समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. आम्ही मुलांना फळ्यावर एक रेघ काढून दाखवतो. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नाग नदीच्या पुलावरून फेकलेली प्लास्टिकची पिशवी याच वाटेने निघते.

दुसरं उत्तर आम्हाला जास्त जवळचं वाटतं. विदर्भातल्या मुलाला वाघ ओळखायला शिकवावं लागत नाही. ताडोब्याची माया, उमरेड-कऱ्हांडल्याचा जय ही नावं इथे घराघरांत माहीत आहेत. अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, कॅमेरा ट्रॅपचे फोटो जुळवून मोजतात, हेही माहीत असतं. जय नागझिऱ्याहून चालत उमरेडला आला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर दिसलाच नाही, तेव्हा या शहराने घरचं माणूस हरवल्यासारखी वाट पाहिली होती. हंपबॅकवर जगभर जे काम चालतं ते नेमकं याच जातीचं आहे. फरक एवढाच, की तिथे पट्ट्यांऐवजी शेपूट पाहतात.

खोल बुडी मारताना हंपबॅक शेपटीचा पंखा पाण्याबाहेर उचलतो आणि त्याची खालची बाजू दिसते. काळ्या-पांढऱ्या रंगाची ती नक्षी प्रत्येकाची वेगळी. कुणाची जवळजवळ पूर्ण पांढरी, कुणाची काळी कुळकुळीत, कुणाच्या कडेचा तुकडा गेलेला, कुणावर ऑर्का या शिकारी डॉल्फिनच्या दातांचे समांतर ओरखडे. १९७० च्या दशकापासून संशोधक या शेपट्यांचे फोटो जमवत आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या हॅपीव्हेल या उपक्रमात तर बोटीवरचे साधे पर्यटकही आपले फोटो पाठवतात आणि संगणक ती शेपूट आधी कुठे, कधी दिसली ते शोधून देतो.

कार्यक्रमात प्रत्येक गटाला चाळीस शेपट्यांची कार्डं मिळतात, सगळी हाताने काढलेली. त्यांत एकाच देवमाशाची दोन-दोन चित्रं लपलेली असतात, एक लहानपणीचं आणि एक मोठेपणीचं, मध्ये दोन-चार नवे ओरखडे वाढलेले. जोड्या लावायच्या. पहिली दहा मिनिटं गोंधळ असतो, मग वर्ग एकदम शांत होतो. ती शांतता ऐकायला शिक्षकांनी जरूर थांबावं.

हवाईचं अभयारण्य काय करतं

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांभोवती हंपबॅक देवमाशांसाठी राखलेलं सागरी अभयारण्य १९९२ मध्ये झालं. क्षेत्रफळ सुमारे ३,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या दुपटीहून थोडं जास्त. त्यात मुख्यतः किनाऱ्यालगतचं, सुमारे १८० मीटर खोलीपर्यंतचं पाणी येतं, कारण पिल्लं असलेल्या माद्यांना उथळ, उबदार पाणी लागतं. समुद्र आणि हवामानाचं काम पाहणारी अमेरिकेची नोआ ही सरकारी संस्था आणि हवाई राज्य मिळून ते चालवतात. माउई बेटावर कीहेई इथे त्याचं माहिती केंद्र आहे, समुद्राला अगदी लागून, एका जुन्या दगडी मत्स्यतळ्याशेजारी. हवाईच्या भाषेत देवमाशाला ‘कोहोला’ म्हणतात.

हे प्राणी उन्हाळाभर अलास्काकडच्या थंड पाण्यात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आणि लहान मासे खातात आणि हिवाळ्यात सुमारे ४,८०० किलोमीटर पोहून हवाईला येतात. इथे येऊन जवळपास काहीच खात नाहीत. मादीला सुमारे वर्षभराच्या गर्भारपणानंतर एक पिल्लू होतं, चार-साडेचार मीटरचं. त्याला ती घट्ट दूध पाजते, स्वतः उपाशी राहून, अंगावरच्या चरबीच्या जोरावर. ही गोष्ट सांगताना मुलींच्या रांगेतून नेहमी एकच प्रश्न येतो, "मग तिला कोण जेवायला देते?" कोणी नाही. म्हणूनच त्या दिवसांत बोटींनी तिच्या मागे लागून तिला पळवायचं नाही. हवाईत हंपबॅकपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दूर राहण्याचा कायदा आहे. जामठ्याच्या स्टेडियमवर खेळपट्टीपासून सीमारेषाही इतकी लांब नसते. आम्ही मैदानावर चुना टाकून हे अंतर आखतो आणि मुलांना त्या रेषेवर उभं करून कापडी देवमाशाकडे बघायला सांगतो. तिथूनही तो मोठाच दिसतो.

जाळ्यात अडकलेल्या देवमाशांना सोडवण्याचं कामही अभयारण्याकडे आहे. आमच्या कार्यक्रमाचा सर्वांत रंगणारा भाग हाच. प्रशिक्षित माणसं छोट्या बोटीतून जातात, पाण्यात कधीही उतरत नाहीत. आधी अडकलेल्या दोरीला मोठमोठे तरंगते फुगे बांधतात, म्हणजे प्राणी थकतो आणि खोल बुडू शकत नाही. ही युक्ती मूळची शिकाऱ्यांची, आता जीव वाचवायला वापरतात. मग लांब काठीच्या टोकाला लावलेल्या आकडीसारख्या वाकड्या सुरीने दोरी कापतात. धार आतल्या बाजूला, बाहेरची कड बोथट, म्हणजे कातडीला इजा होत नाही. आम्ही शेपटीला नायलॉनची दोरी तीन वेढ्यांनी गुंडाळतो आणि मुलांना बांबूच्या टोकावर लावलेली प्लास्टिकची आकडी देतो. दोरी जोडांवर चिकटपट्टीची असते, बरोबर जागी ओढली की सुटते. हिंगण्याजवळच्या एका शाळेत सातवीच्या पाच मुली अर्धा तास झगडल्या. कापडाला आकडी लागली की गुण कापायचे, हा नियम त्यांनी स्वतःच केला. शेवटचा वेढा सुटला तेव्हा अख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या.

लोकांना सामील करून घेण्याची त्यांची पद्धत आम्हाला फार शिकवून गेली. १९९६ पासून तिथे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमधल्या ठरावीक शनिवारी शेकडो स्वयंसेवक किनाऱ्यावर बसून देवमासे मोजतात. शिक्षक, निवृत्त माणसं, शाळकरी मुलं, कोणीही. सकाळी आठपासून, पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत, किती दिसले, काय करत होते. त्याच धर्तीचा तक्ता मराठीत करून आम्ही मुलांना हिवाळ्यातल्या एका सकाळी अंबाझरीच्या काठावर बसवतो आणि वारकरी पक्षी, पाणकावळे, हळदी-कुंकू बदकं मोजायला लावतो. हा भाग ऐच्छिक आहे, पण जमत असेल तर घ्याच.

आकड्यांबद्दल आम्ही मुलांना खरं तेच सांगतो, गोड करून नाही. बेसुमार शिकारीनंतर १९६६ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात हंपबॅकच्या शिकारीवर बंदी आली. पुढे संख्या वाढत गेली आणि २०१६ मध्ये हवाईला येणारे देवमासे अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आले. पण शेपट्यांच्या फोटोंवरूनच केलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की उत्तर प्रशांतमधली संख्या २०१२ मध्ये सुमारे ३३,००० होती, ती २०२१ पर्यंत सुमारे २६,६०० वर आली. मधल्या काळात समुद्राचं पाणी दीर्घकाळ तापलं होतं आणि खाद्य घटलं. यादीतून नाव निघालं म्हणून लक्ष ठेवणं थांबवता येत नाही, हे मुलं या दोन आकड्यांवरून स्वतःच सांगतात.

आपल्या अरबी समुद्रातली लोबान

आता जे सांगायचं आहे त्यासाठी खरं तर आम्ही हा कार्यक्रम सुरू केला. अरबी समुद्रात हंपबॅकचा एक वेगळाच गट राहतो. जगातले बाकी हंपबॅक थंड आणि उबदार पाण्यात ये-जा करतात, हे मात्र वर्षभर इथेच असतात, कारण मोसमी वाऱ्यांमुळे खोल पाण्यातलं पोषण वर येतं आणि खाद्य इथेच मिळतं. जनुकीय अभ्यासानुसार हा गट सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून अलग आहे. ओमानच्या किनाऱ्यावर शेपट्यांच्या फोटोंवरून केलेला अंदाज ८२ चा. एका शाळेतल्या दोन वर्गांत जेवढी मुलं असतात, तेवढेच.

इतके कमी का? मुख्यतः १९६६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे उत्तर प्रशांतमधल्या बंदीच्याच वर्षी, सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात २४२ हंपबॅक बेकायदा मारले. आज उरलेल्यांना मुख्य धोका मासेमारीच्या जाळ्यांचा आणि जहाजांच्या धडकेचा आहे.

यातल्या एका मादीचं नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे आपला लोबान. ताजबागेत ज्याचा धूर दरवळतो, तोच शब्द. तिच्या शेपटीवरची नक्षी लोबानाच्या झाडासारखी दिसते म्हणून हे नाव. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानजवळ तिच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारा टॅग लावला. डिसेंबरात ती सरळ पूर्वेला निघाली, अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत गेली आणि परत ओमानला पोहोचली. तोवर ओमानचे आणि भारताच्या किनाऱ्याचे हंपबॅक एकच आहेत का, याचा असा थेट पुरावा नव्हता. आम्ही मैदानावर अरबी समुद्राचा नकाशा पसरतो आणि एक मूल लुबान होऊन तो प्रवास चालून दाखवतं. नागझिरा ते उमरेड चाललेल्या जयची आठवण कोणी ना कोणी काढतंच, आम्हाला सुचवावी लागत नाही.

महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचं. तिथे डॉल्फिन दिसतात. देवमासा दिसेल असं आम्ही कुणालाही सांगत नाही. जाळं कापून संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळं म्हणजे त्या घराची रोजी आहे, हे कापूसउत्पादकांच्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

देवमाशाच्या पोटात

शेवटी वीस-वीसच्या गटाने मुलं कापडी देवमाशाच्या आत बसतात आणि आम्ही हंपबॅकचं गाणं लावतो. गातात फक्त नर. एक गाणं दहा-वीस मिनिटांचं, तेच तासन् तास. एका भागातले सगळे नर एकच गाणं गातात आणि ते हळूहळू सगळ्यांचं मिळून बदलत जातं. आत अंधार असतो, कापड ब्लोअरच्या हवेने हलकं धडधडत असतं. कामठीकडच्या एका मुलीने ऐकून सांगितलं, "वासरू हरवलं की आमची गाय अशीच हंबरते." आम्ही त्यानंतर बराच वेळ काही बोललो नाही.

देवमासा माणसाला गिळतो का, हे प्रत्येक शाळेत विचारतात. हंपबॅकचा गळा अरुंद असतो, माणूस त्यातून जाऊच शकत नाही. तोंडात दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या, त्यांतून पाणी गाळून तो बारीक जीव खातो. आणि तो मासा नाही. फुप्फुसाने श्वास घेतो, डोक्यावर दोन नाकपुड्या असतात. आमच्या कापडावर त्या हाताने उघडून बघता येतात.

व्यवस्थेबद्दल

चौथी ते नववीसाठी, अडीच तास. मैदान किमान वीस बाय दहा मीटर, खडे आणि काटे झाडून घेतलेलं, आणि जवळ पंधरा अँपिअरचा पॉइंट. शंभर यार्डांची रेषा आखायला मैदानाबाहेरचा रस्ताही चालतो, फक्त गेटवर एक शिपाई उभा हवा. वीज गेली तर कापड हळूहळू खाली येतं, घाबरण्यासारखं काही नाही. तरी चेन उघडायला एक शिक्षक कायम दाराशी लागतो, ही आमची अट आहे. फी दिवसावर आहे, पटावर नाही. जिल्हा परिषद आणि मनपा शाळांकडून फक्त गाडीभाडं घेतो.

मैदानावरचे कार्यक्रम नोव्हेंबर ते मार्च. मार्च संपला की बंद. नागपूरच्या उन्हात फुगवलेल्या कापडाच्या आत मुलांना बसवणं आम्हाला पटत नाही. हवाईतही त्यांचा हंगाम साधारण हाच, मुलांना ते आवर्जून सांगतो: तुम्ही इथे बसला आहात तेव्हा ते तिथे आहेत. पावसाळ्यात मोठा हॉल असेल तर विचारा.

शेपट्यांची चाळीस कार्डं आणि मोजणीचा तक्ता शाळेकडेच राहतो. कापड आवरायला मात्र मुलं लागतात. ब्लोअर बंद केला की आठ-दहा मुलं शेपटीकडून डोक्याकडे लोळत जातात आणि सगळी हवा नाकपुड्यांतून बाहेर पडते.