पार्श्वभूमी : पिंजऱ्याचे माप कसे ठरत गेले

कॅनरी, गिनीपिग आणि बजरीगर (छोटा पोपट) घरोघरी कसे पोचले, हा इतिहास जुना आहे. त्या काळातले पिंजरे बहुधा पाहणाऱ्याच्या सोयीने घडवलेले असत. उंच, निमुळते, छताला टांगता येतील असे. बजरीगर आडवा उडतो. उंच पिंजऱ्यात त्याला इथून तिथे जायला वाव नसतो. हा आकार बाजारात आजही टिकून आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

आजच्या निकषांचे मूळ शोधायला गोठ्यात आणि पोल्ट्रीत जावे लागते. १९६५ मध्ये ब्रिटनमधल्या एका सरकारी समितीने शेतीतल्या जनावरांची पाहणी केली. जनावराला उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, अशी अपेक्षा तिने मांडली. १९७९ पर्यंत तिच्यातूनच 'पाच स्वातंत्र्ये' (भूक-तहान, गैरसोय, दुखणे-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक) आकाराला आली आणि पुढे घरातल्या प्राण्यांनाही तीच फूटपट्टी लागली.

खरा वाद आहे तो ब्रिटनच्याच १९८१ च्या वन्यजीव कायद्यातल्या एका कलमाचा. पिंजऱ्याची उंची, लांबी किंवा रुंदी पक्ष्याला पंख मोकळेपणी पसरता येणार नाहीत इतकी कमी असेल, तर तो गुन्हा. ऐकायला हे कडक वाटते. पण पंख पसरता येणे आणि उडता येणे यांत फार अंतर आहे. एका दांडीवर बसून दोन्ही पंख ताणता आले की कलमाची अट पुरी झाली, मग तो पक्षी जन्मभर एक झेपही न घेता का जगेना! शिवाय कोंबड्यांना हे कलम लागूच नाही. वाहतूक आणि उपचार यांना सूट आहे, प्रदर्शनांनाही ७२ तासांपर्यंत आहे. कायद्याची बाजू घेणारे म्हणतात की उडण्याची अट मोजायची कशी, पंख तरी मोजता येतात. या म्हणण्यात तथ्य आहे. पण किमान म्हणून लिहिलेले माप पुढे पुरेसे म्हणून सांगितले जाऊ लागले, आणि पक्ष्यांचे नुकसान झाले ते तिथेच.

त्यानंतरचे बदल जागेपुरते राहिले नाहीत. युरोपीय संघाने बर्ड फ्लूमुळे २००५ मध्ये रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती कायमची बंद केली. स्वित्झर्लंडने २००८ पासून गिनीपिग, बजरीगर अशा कळपाने राहणाऱ्या जिवांना एकटे ठेवायला बंदी घातली. मग जोडीतला एक मेला की दुसऱ्याचे काय, हा प्रश्न आला. नवा आणला तर साखळी संपतच नाही. त्यातून तिथे सोबतीसाठी गिनीपिग भाड्याने देण्याची सोयही निघाली.

हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याचे गणित उलटे आहे. प्रौढ सीरियन हॅमस्टर एकटाच बरा, जोडी केली तर रक्तबंबाळ भांडणे होतात. त्याला सोबतीपेक्षा खणायला खोल भुसा हवा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात काही हॅमस्टरना १०, काहींना ४०, तर काहींना ८० सेंटिमीटर भुसा दिला होता. खोल भुशातल्यांनी बिळे खणली आणि ती वापरली. १० सेंटिमीटरवाले मात्र इतरांपेक्षा कितीतरी जास्त गज कुरतडत राहिले. तरीही विकत मिळणाऱ्या कित्येक पिंजऱ्यांचा खालचा ट्रे जेमतेम चार बोटे भुसा मावेल एवढाच असतो.