आसाचा कल आणि ऋतू

ग्रह ज्या काल्पनिक रेषेभोवती स्वतःभोवती फिरतो ती रेषा म्हणजे त्याचा आस. ग्रहाच्या कक्षेच्या प्रतलावर काटकोनात उभ्या असलेल्या रेषेशी हा आस जो कोन करतो त्याला आसाचा कल म्हणतात. पृथ्वीच्या आसाचा कल सध्या सुमारे २३.४४ अंश आहे. परिभ्रमणाच्या काळात आसाचा रोख जवळजवळ बदलत नाही, उत्तरेकडचे टोक ध्रुवताऱ्याच्या दिशेलाच राहते. त्यामुळे वर्षाचा एक भाग उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि दुसरा भाग दक्षिण गोलार्ध. पृथ्वीवर ऋतू होतात ते मुख्यतः या कारणाने. कलामुळे ग्रहाला सूर्याकडून मिळणारी एकूण ऊर्जा वाढत किंवा घटत नाही. ती कोणत्या अक्षांशाच्या वाट्याला, वर्षाच्या कोणत्या काळात आणि किती येणार, हे मात्र कलावर ठरते. या वाटणीतून प्रत्यक्षात कोणते हवामान निर्माण होईल, हे त्या ग्रहावरची हवा, पाणी, बर्फ आणि त्याच्या कक्षेचा आकार पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

सूर्य जवळ आला की उन्हाळा, अशी समजूत शाळेत भूगोल शिकूनही अनेकांच्या मनात टिकून असते. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते आणि सर्वांत दूर, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. या फरकामुळे पृथ्वीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात सुमारे ७ टक्क्यांचा चढउतार होतो, परंतु कलाच्या परिणामापुढे तो किरकोळ ठरतो. जुलैत पृथ्वी सूर्यापासून दूर असूनही तिचे सरासरी तापमान जानेवारीपेक्षा अधिक असते, कारण बहुतेक जमीन उत्तर गोलार्धात आहे आणि जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते.

कलाचा परिणाम दोन वाटांनी होतो: किरण किती तिरपे पडतात आणि दिवस किती मोठा असतो. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ किंवा २२ डिसेंबरला तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७.५ अंशांवर असतो आणि जमिनीत उभ्या रोवलेल्या एक मीटर काठीची सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडते. विषुवदिनी हीच सावली सुमारे ३४ सेंटिमीटर भरते. मेच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर येऊन ती नाहीशी होते आणि २१ जूनला सूर्य माथ्याच्या उत्तरेला गेल्याने सुमारे ८ सेंटिमीटरची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. डिसेंबरातल्या मध्यान्ही मुंबईच्या जमिनीला माथ्यावरच्या उन्हाच्या सुमारे तीन-चतुर्थांश ऊन मिळते. त्याच दिवशी लंडनमध्ये सूर्य जेमतेम १५ अंश वर चढतो आणि हे प्रमाण एक-चतुर्थांशावर येते. दिवसाच्या लांबीतही असाच फरक आहे. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो, तर लंडनमध्ये हे आकडे साडेसोळा तासांहून थोडे अधिक आणि आठ तासांहून थोडे कमी असे आहेत.

महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो. पहिला शून्य सावलीचा दिवस सावंतवाडीला मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, तर नागपूरला मेच्या अखेरच्या आठवड्यात. दुसरा जुलै-ऑगस्टात येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असल्याने तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. केवळ कलाचा हिशेब केला तर या प्रदेशात जून-जुलैतही मेइतकेच तापायला हवे. तसे होत नाही, कारण मे अखेरपर्यंत तापलेली भारतीय उपखंडाची जमीन आणि सूर्यामागोमाग उत्तरेकडे सरकलेला विषुववृत्तीय कमी दाबाचा पट्टा हे दोन्ही मिळून समुद्रावरचे बाष्प खेचून आणतात आणि ढग व पाऊस यांमुळे तापमान उतरते. पाऊस ओसरून आकाश निवळले की पारा पुन्हा चढतो. ‘ऑक्टोबर हीट’ ती हीच. चार महिन्यांचा पावसाळा हा असा कलाचाच परिणाम आहे, पण समुद्र आणि भूखंड यांच्या मध्यस्थीने आलेला.

ध्रुवांवर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते. २१ जूनच्या सुमारास संपूर्ण दिवसाचा हिशेब केला, तर वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला दर चौरस मीटरला सरासरी सुमारे ५२५ वॅट ऊर्जा मिळते आणि विषुववृत्ताला सुमारे ३८५ वॅट. तरीही ध्रुव गारठलेलाच राहतो, कारण त्यातली बरीच ऊर्जा बर्फावरून परावर्तित होते, काही बर्फ वितळण्यात खर्च होते, आणि आधीच्या अर्ध्या वर्षाची तूट एवढ्या अवधीत भरून निघत नाही.

आसाची दिशा आणि त्याचा कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुमारे २६,००० वर्षांत आसाची दिशा आकाशात एक वर्तुळ पूर्ण करते. या गतीला परांचन म्हणतात. मकरसंक्रांत आपण निरयन पद्धतीने, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने, पाळतो. म्हणून ती प्रत्यक्ष उत्तरायणारंभापासून सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने दूर जात आहे. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच वेळी येत असत. आज सूर्य २१ किंवा २२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, पण ‘संक्रांतीपासून उत्तरायण’ हा वाक्प्रयोग कायम आहे.

कल स्वतःही स्थिर नाही. सुमारे ४१,००० वर्षांच्या आवर्तनात तो साधारण २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान हेलकावतो. आर्यभटाने सूर्याची कमाल क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे सर्वाधिक कोनीय अंतर (ते कलाइतकेच असते), २४ अंश धरली होती. त्याच्या काळी तिचे खरे मूल्य सुमारे २३.६ अंश होते. सध्या कल शतकाला सुमारे ४७ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) घटत असून त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी १४-१५ मीटर दक्षिणेकडे सरकते आहे. कल कमी झाला की उच्च अक्षांशांवरचे उन्हाळे सौम्य होतात, हिवाळ्यातला बर्फ पुरता वितळत नाही, आणि वर्षानुवर्षे थर साचून हिमचादरी वाढू लागतात. हिमयुगासाठी कडक हिवाळ्यापेक्षा थंड उन्हाळा महत्त्वाचा, हे प्रथमदर्शनी उलटे वाटणारे सूत्र हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांनी सुचवले आणि सर्बियन गणितज्ञ मिलुतिन मिलांकोविच यांनी त्याच्या आधारे आपली गणिते १९४१ मधील ग्रंथात पूर्णत्वास नेली. हेझ, इम्ब्री आणि शॅकल्टन या संशोधकांनी १९७६ मध्ये दक्षिण हिंदी महासागराच्या तळातील गाळाच्या नमुन्यांत ४१,००० वर्षांचा हा ठेका शोधून दाखवला. सुमारे १० लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगे याच ठेक्यावर येत-जात होती. पुढे तो सुमारे १ लाख वर्षांचा झाला. या बदलाच्या कारणांविषयी अजून एकमत नाही. कलाची आजची घट आणखी सुमारे १०,००० वर्षे चालेल, पण तिची गती इतकी मंद आहे की चालू तापमानवाढीशी तिचा संबंध जोडता येत नाही.

पृथ्वीचा कल इतक्या अरुंद मर्यादेत राहतो याचे श्रेय चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाला दिले जाते. तसे दाखवणारी गणिते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाक लास्कार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. मंगळाला एवढा मोठा उपग्रह नाही. त्याचा आजचा कल २५.२ अंश असला, तरी लक्षावधी वर्षांच्या ओघात तो ० ते ६० अंशांदरम्यान बेभरवशाने भटकू शकतो, असे त्याच सुमाराच्या गणितांतून निघाले. मंगळाची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे. सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी त्याला सर्वांत दूरच्या बिंदूपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक प्रकाश मिळतो, आणि तो बिंदू दक्षिणेकडील उन्हाळ्याच्या तोंडाशी येत असल्याने तेथील उन्हाळा आखूड पण प्रखर असतो. मोठी धुळीची वादळे याच काळात उठतात. हिवाळ्यात ध्रुवावर कार्बन डायऑक्साइड गोठतो, तेव्हा संपूर्ण ग्रहाचा हवेचा दाब मोजण्याइतका घटतो.

गुरूचा कल ३ अंशांच्या आसपास असल्याने त्याला ऋतू जवळजवळ नाहीत. याउलट युरेनस ९७.८ अंशांनी कलून जणू आडवा पडलेला आहे. ८४ वर्षांच्या त्याच्या परिभ्रमणकाळात प्रत्येक ध्रुवाला सुमारे ४२ वर्षे उजेड आणि तितकीच वर्षे अंधार मिळतो. कल सुमारे ५४ अंशांच्या पुढे गेला की वर्षभरात ध्रुवांना विषुववृत्तापेक्षा जास्त सूर्यप्रकाश मिळतो. युरेनसवर तेच घडते. तरीही व्हॉयेजर २ यान जानेवारी १९८६ मध्ये त्याच्याजवळून गेले, तेव्हा उजेडातला ध्रुव, अंधारातला ध्रुव आणि विषुववृत्त यांवरील ढगांच्या माथ्याचे तापमान जवळजवळ सारखेच आढळले.

नगण्य कलाचाही परिणाम दिसतो. चंद्राचा आस क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाच्या, संदर्भात जेमतेम १.५ अंश कललेला असल्याने त्याच्या ध्रुवांजवळील काही खोल विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत. तेथे पृष्ठभागावर पाण्याचा बर्फ असल्याचा पुरावा चांद्रयान-१ वरील उपकरणाच्या नोंदींतून २०१८ मध्ये मांडण्यात आला.