जुना कचराडेपो झाकला की उपसला?

जुन्या कचराडेपोवर दोन प्रकारची कामं होतात. कॅपिंगमध्ये कचरा आहे तिथेच राहतो आणि त्यावर मातीचं जाड, पाणी अडवणारं आवरण चढवतात. बायोमायनिंगमध्ये साठलेला ढीग उकरून, वाळवून, चाळून वेगवेगळा करतात आणि तिथून हलवतात. काम संपल्यावर रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच दिसतं: डोंगर नाही, वास नाही, थोडं गवत उगवलंय. म्हणून बोलताना दोन्हींना ‘डेपो बंद केला’ असंच म्हटलं जातं. पण जमिनीखाली उरलेला धोका दोन्हींत अगदी वेगळा असतो. नाशिक पाथर्डी फाट्याच्या पलीकडे, विल्होळी-गौळाण्याच्या बाजूला वाढत चाललंय, गावोगावच्या जुन्या दगडखाणी भरून त्यांवर प्लॉट पडतायत. अशा वेळी हा फरक घर घेणाऱ्यालाही ठाऊक असायला हवा आणि विहिरीच्या पाण्यावर शेती करणाऱ्यालाही.

आधी झाकण्याबद्दल. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत अंतिम आवरणाची रचना दिलेली होती: खाली ६० सेंटिमीटर घट्ट चिकणमातीचा थर, त्यावर पाणी वाहून नेणारा १५ सेंटिमीटरचा थर आणि सगळ्यात वर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटिमीटर माती. पावसाचं पाणी कचऱ्यात शिरू नये, हा याचा मुख्य हेतू. पाणी शिरलं नाही की लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, कमी तयार होतं.

आपल्याकडे यात एक अडचण ठरलेली. चिकणमाती म्हणून हाताशी येते ती काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मे महिन्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा आवरणावर मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की पाणी भेगांतून थेट आत. त्यामुळे काळी माती तशीच पसरून ठेवण्याला कॅपिंग म्हणता येणार नाही. ती योग्य ओलीवर दाबावी लागते, वर ओल धरणारा थर लागतो आणि शक्य तिथे प्लॅस्टिकचं जाड अस्तरही लागतं. शिवाय आतला कचरा कुजत-दबत जातो तशी जमीन असमान खचते. खचलेल्या खोलगटात पाणी साठतं, मग तिथूनच गळती सुरू होते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुन्या उघड्या डेपोंना खालचं अस्तर नसतं. हंडीवर झाकण घट्ट बसवलं, पण हंडीला बूडच नाही, अशी स्थिती. नाशिकखाली बसाल्टचा खडक आहे. खडक म्हटला की आपल्याला तो अभेद्य वाटतो, पण पाणी त्याच्या सांध्यांतून, फटींतून आणि वरच्या मुरमातून चालतं. पावसाळ्यात भूजल वर आलं तर ते कचऱ्याला खालून भिजवतं. वरचं आवरण कितीही उत्तम असो, त्याला हे थांबवता येत नाही.

वायूचा धोका तर आवरणामुळे बदलून जातो. हवेविना कुजणाऱ्या कचऱ्यातून प्रामुख्याने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतात, आणि डेपो बंद झाल्यावरही दशकानुदशकं निघत राहतात. उघड्या ढिगातून मिथेन वर उडून जातो. झाकलेल्या ढिगात त्याला वाट हवी असते. म्हणूनच कॅपिंगबरोबर वायू काढणारे पाइप आणि तो जाळून टाकणारी ज्वाला किंवा इंजिन लागतं. ते नसेल तर वायू आडवा सरकतो: मुरमातून, ड्रेनेजच्या चरांतून, केबलच्या पाइपांतून शेजारच्या तळघरापर्यंत. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. पावसाळा यात आणखी भर घालतो. वरची माती पाण्याने भरली की वर जाण्याची वाट बंद होते, आणि हवेचा दाब उतरला की आतला वायू बाहेर ओढला जातो. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ ला असंच झालं. हवेचा दाब झपाट्याने उतरला, भरलेल्या जुन्या खाणीतला वायू शेजारच्या बंगल्यात शिरला आणि स्फोटात बंगला उद्ध्वस्त झाला. घरातले तिघे जखमी झाले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. विहिरीत उतरण्याआधी दिवा किंवा कंदील सोडून हवा तपासायची आपली जुनी रीत आहे. जुन्या डेपोजवळच्या विहिरीत किंवा चेंबरमध्ये ती चुकूनही करू नका. दिवा विझला तर ऑक्सिजन कमी आहे एवढं कळेल, पण मिथेन असला तर दिवाच स्फोट घडवेल. तिथे वायुमापक यंत्राशिवाय कुणालाही, विशेषतः सफाई कामगाराला, उतरवू नये.

आता उपसण्याकडे येऊ. बायोमायनिंगमध्ये धोका काम चालू असताना सगळ्यात जास्त असतो, आणि काम नीट झालं तर नंतर बराच कमी होतो. कॅपिंगचं नेमकं उलट. ढीग फोडला की अडकलेला वायू मोकळा होतो, आत धुमसणाऱ्या जागेला हवा मिळून आग भडकू शकते, उभ्या कापलेल्या कडा ढासळतात. म्हणून ढीग वरून थराथराने सोडवतात, लांबट रांगा करून त्यांवर जिवाणूंचं कल्चर फवारतात, काही आठवडे त्या उलटसुलट करतात आणि मग माल फिरत्या चाळणीतून काढतात. प्लॅस्टिक-चिंध्यांसारखं जळाऊ ते सिमेंट भट्टीकडे, दगड-विटा भरावाला आणि उरते ती बारीक माती. भर पावसात ओला माल चाळणीला चिकटतो, त्यामुळे हे काम मुख्यतः उन्हाळ्या-हिवाळ्याचं.

ही बारीक माती दिसायला शेणखतासारखी काळीभोर असते, आणि खरी काळजी तिचीच. तिच्यात काचेचे कण, प्लॅस्टिकचे तुकडे आणि बॅटऱ्या-रंगांमधून आलेले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू असू शकतात. द्राक्षबागेत किंवा पालेभाजीच्या वाफ्यात ती फुकट मिळते म्हणून टाकू नये. आधी प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. आणि ढीग गेला म्हणून खालचं पाणी लगेच शुद्ध होत नाही. वर्षानुवर्षं मुरमात मुरलेलं लीचेट तिथेच असतं.

नियमांनी या दोन्हींचा क्रमही लावून दिला. जुन्या डेपोची आधी बायोमायनिंगसाठी तपासणी करायची आणि ते शक्य नसेल तिथेच शास्त्रीय पद्धतीने कॅपिंग. मला हा क्रम बरोबर वाटतो. कॅपिंग स्वस्त आणि झटपट दिसतं, पण त्यामागे किमान १५ वर्षांची देखभाल येते: आवरणाची डागडुजी, लीचेटचा उपसा, भूजल आणि वायूची तपासणी. वस्तीसाठी जागा वापरायची तर त्यानंतरच, आणि तेही वायू, लीचेट व जमिनीची स्थिरता मानकांत बसली तर. नगरसेवक बदलतात, ठेकेदार बदलतात, एवढी वर्षं पाठपुरावा करणारं कुणी राहतंच असं नाही. तरी मुंबईतल्या गोराईसारख्या खाडीकाठच्या डेपोवर शास्त्रीय कॅपिंग करून वायू गोळा करण्याचा मार्ग निवडला गेला. दुसरीकडे इंदूरने देवगुराडियाचा ढीग उपसून जागा मोकळी केली.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोन्ही होतं. अर्धा ढीग उपसतात आणि चाळून उरलेला निरुपयोगी माल त्याच आवारात अस्तर घातलेल्या खड्ड्यात भरून झाकतात. त्यामुळे अशा जागेशेजारी प्लॉट घेताना नुसता ‘बायोमायनिंग झालंय’ एवढा शब्द पुरत नाही. झाकलेला भाग नकाशावर कुठे आहे, वायूच्या नळ्या चालू आहेत का, शेवटची तपासणी कधी झाली, हे महापालिकेकडे लेखी मागता येतं. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा पाणी तपासून घ्यावं: टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट आणि जड धातू. अमोनिया आणि क्लोराइड दोन्ही एकदम वाढले, तर पहिला संशय लीचेटचा घ्यावा आणि अहवाल हाती घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी.