मशीन भरतकाम: रिंग कोण हलवतं?

मशीनवरचं भरतकाम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: डिझाइन निवडलं, बटण दाबलं, फूल तयार. त्यामुळे फ्रीहँड, म्हणजे कापड स्वतःच्या हातांनी फिरवत भरतकाम करणाऱ्याला हमखास ऐकावं लागतं, ‘म्हणजे मशीननेच केलंय ना?’ हो, मशीननेच. पण ज्या मशीनवर आपण कपडे शिवतो त्याच साध्या मशीनवर, आणि त्यात कुठलंही डिझाइन भरलेलं नसतं.

गंमत अशी की दोन्हींची यंत्रणा मुळात सारखीच. साध्या टाक्यात सुई फक्त वरखाली होते, वरचा धागा बॉबिनच्या (खालच्या छोट्या रिळाच्या) धाग्यात अडकून टाका पडतो आणि नक्षी उमटते ती सुईखालचं कापड सरकल्यामुळे. कॉम्प्युटराइज्ड मशीनमध्ये कापडाची फ्रेम मोटर सरकवते, फाइलमधल्या बिंदूंबरहुकूम. फ्रीहँडमध्ये कापड ताणून बसवलेली रिंग दोन्ही हातांत धरलेली असते. बाकीचे सगळे फरक इथूनच सुरू होतात.

फ्रीहँडसाठी सुईखालचे, कापड सरकवणारे दाते खाली करतात किंवा झाकतात, म्हणजे कापड पुढे ओढणारं कुणी उरत नाही. कापड दाबून धरणारा नेहमीचा फूट काढून रफूचा लावतात. रिंगमध्ये कापड हातभरतकामाच्या उलट ताणतात, म्हणजे ते मशीनला सपाट टेकतं. आता टाक्याची लांबी बटणावर ठरत नाही. मशीन किती वेगात पळतंय आणि हात किती वेगात सरकतोय, यांच्या मेळावर ती ठरते. मशीन जोरात आणि हात सावकाश, की टाके बारीक अन् दाट. उलट झालं की लांब. हाताने झटका दिला तर सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते.

पानाची शीर काढताना टोकाशी हात क्षणभर थबकतो. तेवढ्यात दोन-चार टाके एकाच जागी पडतात आणि रेघेच्या शेवटी बारीक गाठ दिसते. शिवणकामात हा दोष. चित्रात मात्र रेघ कुठे थांबली, कुठे पळाली हे त्या गाठीवरूनच कळतं, आणि मला तरी फ्रीहँडमध्ये तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. झिगझॅग (सुई डावी-उजवीकडेही झुलते तो टाका) लावून, रिंगची दिशा न बदलता वळणदार रेघ ओढली तर ती एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते, थेट बोरूने लिहिल्यासारखी.

धाग्यांच्या ताणाशी खेळणं हा आणखी एक भाग. वरचा धागा घट्ट आणि बॉबिनचा सैल केला की खालचा धागा वर येऊन वरच्याला वेटोळे घालतो. दोन रंग घेतले तर ते मिसळल्याचा भास होतो. जाड धागा सुईत ओवता येत नाही, म्हणून तो बॉबिनवर गुंडाळतात आणि कापड उलटं ठेवून भरतात. सुलट बाजूला काय उमटतंय ते काम करताना दिसतच नाही. इंग्लंडच्या अॅलिस केटल यांची मोठमोठी भरतचित्रं बरीचशी याच रीतीने, मागच्या बाजूने केलेली आहेत.

कॉम्प्युटरचं काम हलकं, असं मात्र मी म्हणणार नाही. तिथलं कौशल्य पहिला टाका पडायच्या आधीच खर्ची पडतं. चित्राची फाइल बनवताना, म्हणजे डिजिटायझिंग करताना, कोणता भाग आधी भरायचा, टाके कोणत्या दिशेने घालायचे, खाली आधाराचे टाके किती, ओळींमधलं अंतर किती (नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याला साधारण ०.४ मिमी) हे सगळं ठरवावं लागतं. टाके कापडाला आपल्या दिशेने आवळतात. त्यामुळे पडद्यावरचं नेमकं वर्तुळ कापडावर अंडाकृती होतं. जाणकार माणूस ते आधीच त्या दिशेला किंचित रुंद आखतो. फ्रीहँडमध्येही कापड आवळतंच, पण डोळ्यांदेखत आवळतं, तेव्हा पुढच्या टाक्याला सावरून घेता येतं.

या दोन टोकांमधलंही एक यंत्र होऊन गेलं. स्वित्झर्लंडच्या आयझॅक ग्रोब्लीने १८६३ मध्ये शिफली मशीन काढलं. त्यात कारागीर मोठ्या आकृतीवरून यंत्राला जोडलेलं टोक फिरवी आणि समोरच्या सुयांच्या रांगा तीच नक्षी एकदम भरत. हात माणसाचाच, पण रेघ आधीच आखलेली.

समोरचं काम कोणतं हे ओळखायचं असेल तर कापड उलटून बघा. कॉम्प्युटराइज्ड कामात मागे बहुधा सगळीकडे एकाच रंगाचा, पांढरा किंवा काळा, बॉबिनचा धागा दिसतो आणि रुंद पट्ट्यांच्या मधोमध त्याची सरळ ओळ असते. पुढच्या बाजूला टाके मोजून घातल्यासारखे एकसारखे. फ्रीहँडमध्ये टाक्यांची लांबी सतत बदलते, रेघा एकमेकींवरून जातात. तरीही शंका राहिली तर तेच डिझाइन दुसऱ्या कापडावर पाहायला मागा. फाइलवरून केलेल्या दोन प्रती टाक्याला टाका जुळतात. फ्रीहँडवाल्याच्या दोन पानांचं एकमेकांशी नातं दिसेल, पण ती जुळणार नाहीत.