नागरी उत्तरदायित्व (सोलापूर)

नागरी उत्तरदायित्व (सोलापूर) : शासनाला व न्यायालयांना त्यांच्या कृतीचा जाब विचारण्याचा नागरिकांचा हक्क आणि त्याची रूढ साधने. निवेदन, मोर्चा, ग्रामसभा, लोकशाही दिन, माहिती अधिकाराचा अर्ज, जनहित याचिका ही साधने राज्यभर सारखीच आहेत. प्रस्तुत नोंदीत ती सोलापूर शहर व जिल्ह्याच्या संदर्भात घेतली आहेत.

या प्रथेचा उगम काही अभ्यासक मराठेशाहीतील गोतसभेत, म्हणजे गावातील वतनदार व जाणत्यांच्या न्यायसभेत, शोधतात. गोतसभेच्या निवाड्याचा लेख म्हणजे महजर. त्यावर वतनदार व बलुतेदार साक्षीदार म्हणून आपापली निशाणी उठवीत, त्यामुळे निवाडा चारचौघांसमोर होई हे खरे. तथापि गोतसभा मुख्यतः वतनाचे व हद्दीचे तंटे तोडी. राज्यकर्त्याला जाब विचारणे हे तिचे काम नव्हते. म्हणून आधुनिक अर्थाने सोलापुरातील या प्रथेचा आरंभ १९३० च्या घटनांपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सोलापूर नगरपालिका १८५२ मधील. ६ एप्रिल १९३० रोजी तिच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. असे करणारी देशातील पहिली नगरपालिका हा मान तिला दिला जातो. ५ मे रोजी महात्मा गांधींना अटक झाल्यावर गिरणगावात असंतोष उसळला. ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर जमाव गेला आणि दोन पोलीस मारले गेले. पुढे ९ ते ११ मे या काळात शहरातील व्यवहार लोकांनीच चालविला, असे सांगितले जाते. हे ‘स्वराज्य’ तीन दिवसांचे की चार, यावर मतभेद आहे. ८ मे हा दिवस धरला तर चार, न धरला तर तीन. पण त्या दिवशी गोळीबार चालू होता, म्हणून तीन दिवसांचे मत ग्राह्य ठरते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला.

या काळातील दोन न्यायप्रक्रिया लोकस्मृतीत एकमेकींत मिसळल्या आहेत. ध्वज लावणे यांसारखी कृत्ये व वृत्तपत्रीय लेखन यांसाठीच्या शिक्षा लष्करी कायद्याच्या नियमांखाली झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांच्यावरील खुनाचा खटला मात्र नेहमीच्या सत्र न्यायालयात चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी देण्यात आली. ‘लष्करी न्यायालयाने फाशी दिली’ हे विधान भाषणांतून वरचेवर ऐकू येते, पण ते बरोबर नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण लोकांचा रोष केवळ लष्करावर नव्हता, नेहमीच्या न्यायालयाच्या निकालावरही होता. चार हुतात्मा चौकातील पुतळे या अर्थाने न्यायसंस्थेवरील भाष्यही ठरतात.

लष्करी कायद्याखालील शिक्षांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात ‘चनाप्पा शांतिराप्पा विरुद्ध बादशहा’ या प्रकरणात आला. १९३१ च्या निकालसंग्रहात ते छापलेले आहे. लष्करी कायद्याला आधार फक्त गरजेचा, आणि ती गरज होती की नव्हती हे ठरविण्याचा अधिकार नेहमीच्या, लष्करी नसलेल्या न्यायालयांचा, हे त्यातील तत्त्व. आणीबाणीविषयीच्या पुढील चर्चेतही कायदेपंडितांनी या प्रकरणाकडे बोट दाखविले आहे. सोलापुरात मात्र वकीलवर्गाबाहेर ते क्वचितच कोणाला ठाऊक असते.

सध्याच्या साधनांत माहिती अधिकार सर्वांत रुळलेला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ चा होता, आता लागू असलेला केंद्राचा २००५ चा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, विलंबास दिवसाला २५० व कमाल २५,००० रुपये दंड हा हिशेब सर्वपरिचित आहे. सोलापूरच्या दृष्टीने कलम ६ चा पोटभाग अधिक बोलका. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा प्रदेशाच्या राजभाषेत करावा लागतो. अक्कलकोटकडील कन्नड वा शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकराला, घरची भाषा वेगळी असल्याने, मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतच लिहावे लागते. लिहिता न येणाऱ्याचे तोंडी म्हणणे अधिकाऱ्याने लेखी करून द्यावे, अशी तरतूद त्याच कलमात आहे, वापर अल्प. राज्याच्या २०१२ च्या नियमाने अर्जाला दीडशे शब्दांची व एका विषयाची मर्यादा घातली.

न्यायालयांविषयी साधने तोकडी आहेत. खुले न्यायालय, निकालाची नक्कल, अपील हे जुने मार्ग. अवमान कायद्यात २००६ पासून सत्य हा बचाव मान्य झाला, तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला.

नागरिक एका बाजूला व शासन दुसऱ्या बाजूला, ही मांडणी सोलापुरात नेहमीच लागू पडते असे नाही. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची, विमानांना अडथळा ठरणारी चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, तेव्हा विमानसेवा मागणारे शहरवासी आणि ऊस उत्पादक सभासद समोरासमोर होते, दोघेही नागरिकच. उजनी धरणाचे पाणी पुणे जिल्ह्यातील इंदापूरला देण्याचा २०२१ मधील आदेश जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाला, तिथे मात्र जिल्हा बव्हंशी एक होता. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी विधानसभा निवडणुकीनंतर ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकांवर स्वतःच पुन्हा मतदान घेण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लावल्याने ते झाले नाही. मतदान घेण्याचा अधिकार निवडणूक आयोगाचाच, हे उघड आहे; तरी मतदानयंत्रांच्या मोजणीवरील अविश्वास मोर्चाऐवजी मतपेटीच्या रूपाने मांडण्याचा हा प्रकार वेगळा म्हणून नोंदवावा लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर परिक्रमा खंडपीठ (सर्किट बेंच) ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. त्याच्या कक्षेत सोलापूरसह सहा जिल्हे आहेत. त्यापूर्वी याचिकेसाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठणे हा परिपाठ होता.