अभिजात यामिकी : पदव्युत्तर अभ्यास

न्यूटनच्या गतिनियमांवर उभ्या असलेल्या यामिकीची, म्हणजे गतीच्या शास्त्राची, एम.एस्सी. स्तरावरील मांडणी. बी.एस्सी.पर्यंत बलांची आकृती काढून समीकरणे लिहितात. येथे लग्रांज (१७८८) आणि हॅमिल्टन (१८३४–३५) यांच्या वाटेने ऊर्जेपासून सुरुवात होते. केंद्रीय बल, दृढ पदार्थ, लघु आंदोलने, विहित रूपांतरणे (समीकरणांचे रूप न बिघडवता केलेले चलांचे बदल) हे नेहमीचे घटक. नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमातही हा विषय आहे.

लग्रांजियन (गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा) लिहिताना आधी निर्बंध, म्हणजे गतीवरील बंधने, मोजतात, तेवढे सहनिर्देशक (वस्तूचे स्थान सांगणाऱ्या संख्या) वगळून उरलेले निवडतात, गतिज ऊर्जा स्थिर, म्हणजे न फिरणाऱ्या, चौकटीत मांडतात आणि तिच्यातून स्थितिज ऊर्जा वजा करतात. ‘स्थिर चौकटीत’ हे शब्द विसरले की पुढचे सगळे बिघडते. उभ्या व्यासाभोवती फिरणाऱ्या कड्यात ओवलेला मणी हे त्याचे उत्तम उदाहरण. कड्याची त्रिज्या २० सेंमी असेल तर सेकंदाला ७ रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ फेऱ्यांपर्यंत मणी तळाशीच स्थिर राहतो. वेग १० रेडियनवर नेला की तो तळापासून ६१ अंशांवर जाऊन बसतो. येथे हॅमिल्टोनियन (लग्रांजियनवरून काढलेली ऊर्जेसारखी राशी) अक्षय्य असते, पण ते एकूण ऊर्जेइतके नसते, कारण कडे फिरवणारी मोटर कार्य करत असते. दोन्ही एकच समजणे ही परीक्षेतली सर्वांत महाग चूक.

दुसरी चूक केंद्रीय बलाच्या गणितात होते. कोनीय संवेग स्थिर आहे म्हणून त्याची किंमत थेट लग्रांजियनमध्ये भरली की केंद्रोत्सारी पदाचे चिन्ह उलटते आणि कक्षा चुकते. किंमत भरायची ती गतिसमीकरण काढून झाल्यावर. आधीच भरायची असेल तर राउथची पद्धत (स्थिर संवेगाचा सहनिर्देशक आधीच रीतसर वगळणारी) वापरावी लागते.

फिरत्या चौकटीचा, म्हणजे फिरत्या पृथ्वीवरून दिसणाऱ्या गतीचा, भाग कोकणात नुसत्या फळ्यावर ठेवण्याचे कारण नाही. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे तेथे फूकोच्या लंबकाचे (पृथ्वीचे फिरणे दाखवणाऱ्या लांब लंबकाचे) झोक्याचे प्रतल तासाला जेमतेम ४.४ अंश वळते आणि पूर्ण फेरीला सुमारे ८२ तास लागतात. पॅरिसमध्ये, जेथे फूकोने १८५१ मध्ये हा प्रयोग दाखवला, हाच वेग तासाला ११ अंशांच्या वर आहे. अक्षांश कमी असल्याने येथे उपकरणातला दोष परिणामापेक्षा मोठा ठरू शकतो. लंबक ४ मीटर लांब, झोका मध्यापासून २० सेंमी आणि मार्ग सरळ रेषेऐवजी बाजूला अवघा ५ मिमी फुगलेला, एवढ्यानेच लंबवर्तुळ स्वतःहून तासाला सुमारे साडेसात अंश फिरते. ते कोणत्या दिशेने फिरेल हे गोळा कोणत्या दिशेने फिरतो त्यावर ठरते, म्हणून कधी मोजलेला वेग फुगतो तर कधी प्रतल उलटेच वळताना दिसते. उपाय : गोळा हाताने सोडू नये, दोऱ्याने मागे बांधून, पूर्ण स्थिरावल्यावर दोरा जाळावा. दोरी लांब घ्यावी आणि झोका लहान ठेवावा. टांगणीची पकड सर्व दिशांना सारखी हवी. सैल चिमटा हमखास एक दिशा पसंत करतो.

पानवल नदीवरील कोकण रेल्वेच्या ६४ मीटर उंच पुलाएवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे सुमारे १.१ सेंमी सरकते. गणित म्हणून हे छान, प्रयोग म्हणून निरुपयोगी : वाऱ्याची झुळूक त्याहून जास्त ढकलते.

भरती-ओहोटी हा प्रेरित आंदोलनाचा धडा आहे. ‘चंद्र पाणी ओढतो’ एवढ्याने दिवसातून दोनदा येणारी भरती समजत नाही. महत्त्वाचा असतो पृथ्वीच्या दोन बाजूंवरील ओढीतला फरक. हा फरक अंतराच्या घनाशी व्यस्त प्रमाणात असल्याने सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी भरतो. दोघे अमावस्या-पौर्णिमेला एकत्र आले की उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. मात्र समतोलाच्या सोप्या गणिताने चंद्राची भरती सुमारे अर्धा मीटरच येते, तर कोकणात पाणी त्याच्या कितीतरी पट चढते आणि मुंबईकडे जाताना आणखी वाढते. लाप्लासने दाखवल्याप्रमाणे समुद्र १२ तास २५ मिनिटांच्या आवर्तकालाने ढकलला जाणारा आंदोलक आहे. किनाऱ्यालगतच्या रुंद, उथळ समुद्रबूड जमिनीवर त्याचा प्रतिसाद फुगतो. सर्वांत मोठे उधाणही नेमके पौर्णिमेला न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येते, आणि हा उशीर म्हणजे त्याच आंदोलकाचे कलांतर, म्हणजे ढकलण्यामागून प्रतिसाद येण्यातले अंतर.